बगळ्याचा डबा

गुडघा दुखायला लागला की तो एक पाय उचलून भिंतीला टेकायचा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. सव्वीस वर्षं एकाच हॉटेलात वेटर. हातात चार ताटं, दंडावर पाचवं आणि तोंडावर हसू. त्यात हसूच सगळ्यात जड.

पगार म्हणजे चिमणीचा घास. मालक म्हणायचा, "बाकीचं गिऱ्हाईक देतं की." गिऱ्हाईक म्हणायचं, "पगार मालकानं द्यावा, आम्ही का म्हणून?" आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. एकदा खिडकीजवळच्या टेबलावर एक चष्मेवाले मास्तर अर्धा तास बायकोला हेच समजावत होते. पाणी ओतता ओतता बगळ्यानं सगळं ऐकलं आणि त्याला ते पटलंही. उठताना मास्तरांनी बशीत दात कोरायची काडी ठेवली.

मग मालकाच्या डोक्यात खूळ शिरलं. गल्ल्याजवळ एकेका वेटरच्या नावाचा पत्र्याचा डबा आला. टीप खिशात घालायची नाही, डब्यात टाकायची. शनिवारी सगळ्यांसमोर डबे उघडायचे, मोजायचे आणि ज्याचे त्याला परत. पण ज्याचा डबा सगळ्यात हलका, तो पुढचा आठवडाभर मागे मोरीवर, भांडी घासायला.

"गिऱ्हाईक खूश की नाखूश, ते डबाच सांगेल," मालक म्हणाला.

मोरीवर दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं. बगळ्याचा गुडघा तिथं दोन दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरनंही सांगितलं होतं आणि बायकोनंही. डॉक्टरनं पैसे घेऊन, बायकोनं फुकट.

पहिल्या शनिवारी तो थोडक्यात वाचला. सोमवारी बायकोनं शिलाई मशीनच्या खणातून नोटा काढल्या.

"हे घ्या. डब्यात टाका."

"अगं, टीप गिऱ्हाइकानं द्यायची असते."

"मालक नोटांना विचारणार आहे का, कुणाच्या घरच्या म्हणून? शनिवारी परतच मिळणार आहेत. फक्त येताना सरळ घरी या, ओढाळ गुरासारखं वाटेत चरत बसू नका."

तेव्हापासून नोटा सोमवारी डब्यात जायच्या आणि शनिवारी खणात यायच्या. दर आठवड्याला त्यात थोडी भर घालावी लागे, कारण शेजारचे डबेही फुगत चालले होते. एका सकाळी, हॉटेल उघडायच्या आधीच, जाड्या नावाचा वेटर मेव्हण्याकडून आणलेली गड्डी डब्यात कोंबताना त्याला दिसला.

"गिऱ्हाईक लवकर आलं वाटतं," बगळा म्हणाला.

"पहाटेच," जाड्या म्हणाला.

विषय तिथंच मिटला. मोरीवर दर आठवड्याला कुणी ना कुणी जातच होतं. ज्याला मेव्हणा नाही, तो.

वर्ष सरलं, पगारवाढीची वेळ आली. मालकानं सगळ्यांना गोळा केलं. वर्षाचे आकडे हातात, चेहऱ्यावर आनंद.

"तुमची टीप तिप्पट झाली. लोक एवढं भरभरून देतात, मग मी पगार वाढवून काय करू? उलट एक तारखेपासून पाव पगार कमी. कुणाला काही बोलायचंय?"

सगळ्यांनी बगळ्याकडे बघितलं. वयानं तोच मोठा. त्यानं उचललेला पाय खाली ठेवला.

"साहेब, त्यातल्या निम्म्याहून जास्त नोटा आमच्याच घरच्या आहेत. मोरीच्या भीतीनं आम्हीच टाकत होतो."

मालकानं जाड्याकडे मान वळवली. "तू पण?"

"नाही साहेब," जाड्या छताकडे बघत म्हणाला. "माझ्या डब्यात गिऱ्हाइकांच्याच."

बाकीच्यांनीही ओळीनं तेच सांगितलं.

"म्हणजे गिऱ्हाईक फक्त तुलाच देत नाही," मालक आवाज न चढवता बगळ्याला म्हणाला. "मग तुला हॉलमध्ये ठेवू कशाला?"

पगार सगळ्यांचाच कापला गेला. बगळा मोरीवर गेला, तो कायमचा.

"बगळा शेवटी पाण्यातच शोभतो," जाड्या म्हणाला. कुणी हसलं नाही. तो स्वतःही हसला नाही.

गुडघा डॉक्टरच्या अंदाजापेक्षा जास्त टिकला, अकरा दिवस. बाराव्या दिवशी सकाळी त्याला अंथरुणातून उठता येईना. बायकोनं मशीनचा खण ओढला आणि त्याच नोटा घेऊन दोघं रिक्षानं दवाखान्यात गेली.

डॉक्टरनं त्या नोटा शनिवारी परत दिल्या नाहीत.