घाटावरच्या आजीला ऐकू आलं

देव आपलं ऐकतो की नाही, हा प्रश्न मला पुढे पडला. त्याआधी माणसंच माझं ऐकेनाशी झाली होती, निदान मला तरी तसं वाटत होतं. पाणी मागितलं की कारभारीण विचारायची, "काय म्हणालात?" धाकट्या भावाशी शेतातलं बोलायला गेलो की तो वाकून कान माझ्या तोंडाशी आणायचा. मला संताप यायचा. सगळं घर एकजात बहिरं झालं की काय! माझा आवाज म्हणजे निघोज्यात नावाजलेला. मोटेवर उभा राहून बैलांना हाक दिली की इंद्रायणीपलीकडचा माणूस मान वर करून बघायचा. पण एके दिवशी सकाळी मोट भरली, मी हाक दिली, आणि बैल जागचे हलेनात. पुन्हा दिली, तरी शेपटी उडवत उभेच. भावानं लांबून नुसतं "हुर्र" केलं आणि निघाले. माणसं एक वेळ सोंग करतील, पण बैल कशाला करतील?

हात थरथरायला लागला होताच. पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा बरा होणारा आजार नाही हेही सांगून टाकलं. हाताचं मला एवढं दुःख नव्हतं. त्याच आजारानं आवाज गेला आणि त्याच्यामागून चेहराही गेला, ते जिव्हारी लागलं. आतून हसू आलं तरी तोंडावरची रेघ हलायची नाही. थोरल्या लेकीला बघायला एक स्थळ आलं होतं. मी त्यांच्याशी गोड बोललो, हसलो, असं आपलं मला वाटत होतं. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण बापाच्याच मनात नाही; पाहुण्यांशी तोंड फुगवून बसला, एक शब्द धड बोलला नाही. पोरगी नुसती गोठ्यात जाऊन शेण काढत बसली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पुढे दुसरं स्थळ आलं. पिंपरीला औषधांचा कारखाना नवीनच निघाला होता, मुलगा तिथं कामाला लागलेला. पोरीच्या मनात भरला होता. सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्यात सुपारी फुटायच्या आधी चार माणसांसमोर मुलीच्या बापाला विचारतात आणि बापानं मोठ्यानं "दिली" म्हणायचं असतं. घरात ठरलं की माझ्याऐवजी भाऊ म्हणेल. भाऊ भला माणूस, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण बाप जिताजागता समोर बसलेला आणि लेक दिली म्हणणार चुलता! मला ते सोसवेना. एकादशीला कारभारणीला म्हटलं, बैलगाडी जुंपायला सांग, देहूला जाऊ.

देहूला पोचलो, पण देवळाच्या वाटेवर या दुखण्यानं पाय जमिनीला चिकटले, उचलेनात. शेवटी कारभारीण एकटीच दर्शनाला गेली आणि मी घाटाच्या पायरीवर बसलो. नदीकडे बघत मनातल्या मनात देवाशी भांडलो. सगळा आवाज नको देऊस बाबा, एक शब्द दे, म्हटलं. तेवढ्यात एक म्हातारी शेजारी येऊन टेकली. ओल्या लुगड्याचा पदर पिळत तिनं विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं?" तिचा आवाज एवढा मोठा की मी दचकलोच. मी गाव सांगितलं.

"काय? मला ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोला की."

पुन्हा सांगितलं. तिनं हात कानामागे धरला आणि मान हलवली. बाकी सगळे कसे, माझं वाक्य अर्ध्यात तोडून स्वतःच पुरं करायचे. ही तसं काही करेना. वाकून जवळही येईना. नुसती वाट बघत बसली. मग माझं डोकं फिरलं. छाती भरून, मोटेवर ओरडायचो तसा ओरडलो, "निघोजे!" आणि लगेच ओशाळलो. वाटलं, सगळा घाट आता माझ्याकडे बघणार. पण कुणी मानही वळवली नाही. शेजारी धुणं धुणारी बाई धुणं धूत राहिली.

"निघोजे व्हय," म्हातारी म्हणाली. "आसं बोलायचं."

मी थक्कच झालो. मला जी आरोळी वाटली ते जगाच्या लेखी साधं बोलणं होतं. मी तिला तसंच ओरडून म्हणालो, "आजी, माझा आवाज मलाच कळंना झालाय." ती हसली. "माझा तरी मला कुठं कळतोय? लोक कान झाकाया लागले की कमी करते. आपल्या कानावर इसंबून ऱ्हायचंच न्हाई बाबा." एवढं बोलून उठली आणि घाट चढून गेली. कारभारीण परत आली तेव्हा मी तिला हाक मारली. ती वरच्या पायरीवर थबकली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "अवं, आलं की ऐकू!"

सुपारीच्या दिवशी ओसरी भरली होती. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे रोखून बघितलं. पहिल्या स्थळाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असणार. म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या मनात हाय ना?" ठरल्याप्रमाणे भाऊ तोंड उघडणार तोच मी हात वर केला. हात थरथरत होता, थरथरू दिला. समोर ती म्हातारी हात कानामागे धरून बसलीय असं मनात आणलं आणि ओरडलो. मला वाटलं, पाहुण्यांवर खेकसतोच आहे. "दिली! लेक दिली, मनापासून दिली. माझ्या तोंडावर जाऊ नका, ते माझं ऐकत न्हाई!"

मग मुलाचे वडील खो खो हसले आणि त्यांनी सुपारी पुढे केली.

आजार आहे तिथंच आहे. कधी आवाज निघतो, कधी निघत नाही. त्या म्हातारीला देहूत पुष्कळदा शोधलं, पुन्हा दिसली नाही. ती कोण होती याची चर्चा मी करत नाही. माझा हट्ट होता की देवानं माझा आवाज मला परत द्यावा. तो काही परत आला नाही, आणि जो उरला तो मी आता त्याच्या हवाली केलाय. माझ्या कानाला काय वाटतं ते सोडून दिलं. बोलतो आणि समोरच्याला विचारतो, पोचलं का? सुपारीच्या दिवशी पाहुणे जेवायला बसल्यावर मी माजघराच्या दाराशी गेलो आणि आत बसलेल्या लेकीलाही तेच विचारलं. ती रडत होती. म्हणाली, "आबा, गोठ्यापातूर आलं."