मार्गी लागलेली कामे

खासदारसाहेबांचं पत्र दर शनिवारी घरोघरी पडायचं आणि लोक वाचून म्हणायचे, काय लिहितात साहेब! आता साहेबांनी बावीस वर्षांत त्यातली एक ओळ लिहिली असेल तर शपथ. लिहिणारा माणूस कचेरीच्या मागच्या खोलीत, फायलींच्या कपाटाला खुर्ची टेकवून बसायचा. त्याला सगळे पत्रवाले म्हणत. साहेब मंगळवारी राजधानीतून फोन करायचे, तोही जेवता जेवता. "महागाईवर जरा कडक लिहा. सीमेबद्दल मोघम ठेवा. बाकी तुम्हाला कळतंच." पत्रवाल्यांना कळायचंच. पहिल्या पानावर देश, दुसऱ्या पानावर मतदारसंघ, आणि गुरुवारी दुपारी मजकूर छापखान्यात.

पहिलं पान कधी अडलं नाही. देशाला प्रश्नांची काय कमी? गाडं अडायचं ते दुसऱ्या पानावर. तिथं चौकटीत मथळा असायचा, 'मार्गी लागलेली कामे', आणि पहिल्या वर्षी ती चौकट भरता भरता पत्रवाल्यांच्या नाकी नऊ आले. कामं व्हायला महिने लागतात, पत्र मात्र आठवड्याला! मग त्यांनीच तोड काढली. मंत्रालयातून मंजुरीचा कागद आला की काम मार्गी लागलं असं धरायचं आणि तसं छापून मोकळं व्हायचं. साहेब बेहद्द खूश झाले. "डोकं आहे बुवा तुम्हाला," म्हणाले. एकवीस वर्षं हे कागदी घोडे नाचले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. रस्ता आज छापला आणि सहा महिन्यांनी झाला, तर कोण जाब विचारायला येतंय?

पत्रवाल्यांचं लग्न झालं नव्हतं. आई लहानपणीच गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं वाढवलं. ही ताई शेजारच्या गावी राहायची. तिच्या घरी हे पत्र म्हणजे वेदवाक्य. शेजारपाजारच्यांना बोलावून वाचून दाखवायची आणि वर ऐकवायची, "सही साहेबांची असली तरी अक्षर न् अक्षर माझ्या भावाचं आहे हं!" पत्रवाले लटके रागवायचे, पण आतून माणूस फुलायचा. खोटं कशाला बोला?

भाऊजींची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, मोठ्या शहरात. रुग्णांना नेणारी एक गाडी होती, सहा जागांची. पहाटे निघायचं, संध्याकाळी पार पिळून निघाल्यासारखं परत यायचं. ताईच्या गावच्या सरकारी दवाखान्याला डायलिसिसचं मशीन मिळावं म्हणून अर्ज पडला होता. ताई दर दोन दिवसांनी फोन करायची. "मशीनचं काय झालं रे?" पत्रवाल्यांनी त्या एका फायलीसाठी जेवढे उंबरे झिजवले तेवढे स्वतःसाठी कधी झिजवले नसतील.

आणि एका बुधवारी मंजुरी आली. मशीनचं खोकंही दवाखान्यात पोचल्याचं कळलं. पत्रवाल्यांनी चौकटीत सगळ्यात वर लिहिलं, 'सरकारी दवाखान्यात डायलिसिसची सोय सोमवारपासून सुरू. आता रुग्णांना शहरात जावं लागणार नाही.' सोमवार कुणी सांगितला होता? कुणीच नाही. ओळ जरा भरीव वाटावी म्हणून घातला.

शनिवारी ताईचा फोन. "अरे, वाचलं! हे तर रडायलाच लागले. गाडीवाल्याला सांगूनही टाकलं, आमची जागा दुसऱ्याला दे म्हणून. एक बाई कधीची ताटकळली होती बिचारी, लगेच घेतली तिनं."

इथं तोंड उघडायचं होतं. ताई, थांब, जागा सोडू नकोस, मी आधी चौकशी करतो, एवढंच म्हणायचं होतं. पण ती इतकी खुशीत होती आणि स्वतःच्या तोंडानं स्वतःची ओळ खोटी ठरवायची म्हणजे जिवावर आलं. पत्रवाले म्हणाले, "बरं केलंस." मेली ती प्रौढी! सख्ख्या बहिणीपुढेही मिरवायची हौस फिटत नाही माणसाची.

सोमवारी दवाखान्यात मशीन खोक्यातच होतं. पाण्याची जोडणी नाही, चालवणारा तंत्रज्ञ नाही. तिथला कारकून म्हणाला, "आम्हालाही पत्रातूनच कळलं." गाडीतली जागा गेलेली. पत्रवाल्यांनी साहेबांच्या नावानं फोनवर फोन केले, हातापाया पडले, तेव्हा कुठं शुक्रवारी शहरात खाट मिळाली. तोवर भाऊजींच्या छातीत पाणी झालं होतं. महिना काढला त्यांनी कसाबसा, मग गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घेऊ नका म्हणे! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच, हे पत्रवाल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ताई एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच सोसवेना. त्यांनी पुढच्या पत्रात चार ओळी लिहिल्या, की सोय सुरू झालेली नाही, आम्ही न बघता छापलं, चूक आमची. साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं. "भावना समजतात हो मला. पण हे छापलं तर उद्या कुणाचा विश्वास राहील? खोडा." पत्रवाल्यांनी खोडलं. राजीनामा खिशात घालून दोन दिवस हिंडले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत येऊन बसले. कोण कुठं जातंय त्या वयात?

सात महिन्यांनी तंत्रज्ञ नेमल्याचा कागद आला. या खेपेला पत्रवाल्यांनी पेन उचललंच नाही. सरळ बस पकडली आणि दवाखाना गाठला. मशीनला हात लावून पाहिला. एक म्हातारे गृहस्थ नळ्या लावून पडले होते, त्यांना विचारलं, "काका, चालतंय ना नीट?" काका म्हणाले, "दुसरी खेप आहे माझी." परत येऊन त्यांनी एकच ओळ लिहिली, साधी, बिनफुलांची. त्या गावात जाऊनही ताईच्या दारापर्यंत पाय उचलला नाही, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी फोन वाजला. सात महिन्यांत ताईनं आपणहून केलेला पहिलाच.

"वाचलं मी," ती म्हणाली. "पलीकडच्या शिंप्याच्या बायकोलाही तेच दुखणं आहे. शहराची गाडी सोडू का म्हणून विचारत होती. खरं आहे ना रे या वेळी?"

"खरं आहे ताई. अगदी खरं. मी स्वतः जाऊन बघून आलो. चालू मशीन बघितलं, माणसाशी बोललो, मगच लिहिलं."



"किती वेळ लागला रे जायला?"

"चाळीस मिनिटं. बसनं."

"मग तेव्हा का नाही आलास रे?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारत होती, आणि उत्तर येईल म्हणून फोन धरून थांबली.