सीमेपलीकडचं मेज

आमच्या देवासला भुट्टे भाजल्याचा वास आला, की मला मेक्सिकोतलं ते नदीकाठचं वाळवंटी गाव आठवतं.

अमेरिकेतल्या मुलाकडे गेले होते. नावेतून नदी ओलांडली, की दुसरा देश! पुण्याची सूनबाई मला सारखी सांगायची, "आई, मेज हिंदी आहे, टेबल म्हणा." जसं काही टेबल सदाशिव पेठेतच जन्मलं!

तिथल्या भुट्टे भाजणाऱ्या खानावळीत रणरणत्या उन्हात ती टेबल मागून थकली, मालकाला कळेना. मी झाडाकडे बोट दाखवत सवयीनं म्हटलं, "भिया, छाँव में एक मेज दे दो ना!"

"मेसा? मेसा!" म्हणत त्यानं झाडाखाली टेबल मांडलं. त्यांच्या स्पॅनिशमध्ये टेबलाला मेसाच म्हणतात!

परवा सूनबाई इथे आली. नातवाला म्हणाली, "ताट मेजावर ठेव."