विहिरीत उतरलेला गोळा

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. नव्वदी ओलांडली, पण कधी कुणाकडून अंगारा आणला नाही. नातू म्हणतो, आजी, तो फायरबॉल होता. त्यानेच सांगितलं, इंग्रजीत जळत पडणारी उल्का पण फायरबॉल, बॉम्बचा लोळ पण फायरबॉल आणि विजेचा गोळा तोही फायरबॉलच. बरं बाबा, नाव कळलं... आता पुढचं ऐका.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव सुप्याजवळ. मालक, म्हणजे माझा नवरा, विहिरींना सुरुंग लावायचे. गावच्या नव्या विहिरीत काळा कातळ लागला होता आणि आम्ही बायका दोन कोसांवरून पाणी वाहत होतो. त्या सकाळी मालकांची बोटं घणाखाली चेचलेली. बाईने विहिरीत उतरायचं नाही अशी रीत. पण कुणी यायच्या आत मीच उतरले आणि कातळात आधीच पाडलेल्या चारही भोकांत सुरुंगाची दारू ठासून वाती बसवल्या.

दुपारी, वातींना बत्ती द्यायच्या आधीच, एकाएकी आभाळ गडगडायला लागलं. वीज पडली तर सुरुंग उडतील, म्हणून मालक तशा हाताने वाती काढायला उतरले. मी काठावर. एवढ्यात बाभळीकडून नारळाएवढा तांबडा गोळा आला — अगदी सावकाश, सुरसुरत — आणि सरळ विहिरीत गेला. एकेका वातीपाशी थांबला. चारही वाती पेटल्या, जळत जळत भोकात गेल्या... मग गोळा विझला. सुरुंग एकही उडाला नाही.

मालक कसेबसे वर आले. गाव म्हणालं, पाण्यातल्या आसरांना ही विहीर नको आहे, बुजवून टाका. त्यात आमच्या धंद्यातला नियम असा, की फसलेला सुरुंग ज्याने भरला त्यानेच मोकळा करायचा. आणि मालकांना तर विहिरीकडे बघवेना!

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर गेले. सगळ्यांसमोर बोलले.

"सुरुंग मी भरल्यात. मोकळं बी मीच करनार. मग काय बुजवायचं ते बुजवा."

विहीर बाटवली म्हणून पाटील माझ्यावर उखडले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मालक तेवढे उठले आणि म्हणाले, "दोर मी धरतो."

मी लाकडी काडीने हळूहळू भोकं उकरली. वातींची राख थेट तळापर्यंत... आणि दारू कोरडी ठणठणीत. चिमूटभर वर आणून काडी लावली, तर भस्सकन पेटली. मग मी काही कुणाला विचारलं नाही. पुन्हा भरले, पुन्हा वाती लावल्या. चारही उडाले. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं.

वीज म्हणा, काही म्हणा. आग दारूपर्यंत पोहोचली आणि दारू पेटली नाही, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. मालकांना मी शेवटपर्यंत विचारायची. ते एवढंच म्हणायचे, "तू भरल्याला सुरुंग मला कसा मारंल?"

हे काही उत्तर नव्हे, मला कळतं. पण माझ्याकडे दुसरं नाही.