मामांनी विमानात हात आडवा धरला

माझ्या सासऱ्यांनी आभाळात एका मुलीला ‘नको’ म्हटलं आणि तिनं ते खरं मानलं. झालं ते एवढंच. बाकीचा सगळा गोंधळ त्यानंतर मी घातला.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. मामांचं नांदूरघाटला कापडाचं दुकान आहे. नुसता पत्ता विचारायला पायरी चढलेल्या माणसालाही ते चहा पाजल्याशिवाय खाली उतरू देत नाहीत. गावातल्या कुठल्याही लग्नात जिलबी वाढायला मामाच लागतात. समोरचा पत्रावळीवर हात आडवा धरून ‘नको, नको’ ओरडत असतो आणि मामा त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी खाली सोडत असतात. आमच्याकडे पहिलं ‘नको’ ही नुसती रीत असते. दुसऱ्या ‘नको’ला वाढपी हसतो. तिसऱ्यांदा म्हटलं तर माणसाला बरं नाही की काय, अशी चौकशी होते.

तर माझ्या नणंदेला, मनीषाला, दिल्लीत मुलगा झाला आणि बारशाला आईवडील हवेतच म्हणून जावयांनी विमानाची तिकिटं पाठवली. आमच्या ह्यांना बँकेतून सुट्टी मिळेना. मग दोघांना सुखरूप नेऊन पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काळजी एकाच गोष्टीची होती. मामांना शुगर आहे. जेवणाआधी इंजेक्शन घेतलं की लगेच पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर शुगर एकदम खाली येते आणि माणूस बसल्या जागी आडवा होतो.

“दादांना उपाशी ठेवू नकोस, एवढं एकच सांभाळ,” हे वडिलांबद्दल म्हणाले. “बाकी विमान पायलट सांभाळंल.”

मी अंबाजोगाईत प्राथमिक शाळेत शिकवते. समोर दोन माणसं गप्प बसलेली दिसली की मला राहवत नाही, मी शिकवायला लागते. विमानात मी तोवर एकदाच बसले होते (त्यातही अर्धा प्रवास डोळे मिटून देवाचा धावा चालला होता), पण घरात तेवढा अनुभवही दुसऱ्या कुणाला नव्हता. आदल्या आठवड्यात दोघं आमच्याकडे राहायला आले आणि मी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सरावच सुरू केला!

“विमानातल्या मुलीला बोलवायचं कसं?” मी विचारलं.

“ओ बाई म्हणायचं,” आत्या म्हणाल्या.

“अजिबात नाही! ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, हात धरून ओढायचं तर मुळीच नाही. हळूच ‘एक्सक्यूज मी’ म्हणायचं.”

“आन् तिला ऐकूच न्हाई गेलं तर?”

“डोक्यावर एक बटण असतं. पण ते जीवावर बेतलं तरच दाबायचं.” (हा नियम मी जागच्या जागी तयार केला होता. आत्मविश्वासानं बोललं की वर्गात चालून जातं.)

“आन् घशाला कोरड पडली तर?” मामांनी विचारलं.

“दम धरायचा!”

मग प्रात्यक्षिक. गॅसच्या सिलेंडरखालची चाकांची ट्रॉली घेतली, तिच्यावर परात ठेवली, परातीत चहाचे कप मांडले आणि गडगडगड करत मी खुर्च्यांपाशी आले. “सर, चहा घेणार?”

मामांनी हात आडवा धरला. “नो थँक यू.” हे मीच शिकवलं होतं. मला इतका आनंद झाला!

“असं काय मामा, घ्या की!”

“नको, नको.”

“अर्धा कप तरी!”

“बरं. तू म्हणतीस तर दे.”

मी चहा दिला आणि शाबास म्हटलं. विमानातली मुलगी ही काही त्यांची सून नसते, हे मला तेव्हाच सुचलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण नाही सुचलं. उलट दोन दिवस हाच सराव करून घेतला आणि मामांना त्यात पक्कं केलं.

निघायच्या दिवशी आत्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू बांधून घेतले. मी ते सगळं त्यांच्या हातातून काढून मोठ्या बॅगेत कोंबलं.

“अगं, हाताशी असू दे की थोडं,” आत्या म्हणाल्या.

“विमानात डबा उघडून बसलं की लोक हसतात, आत्या.”

वाटेत गाडी नाश्त्याला थांबवली, तर मामा खाली उतरायला तयार नाहीत. “विमानात खायला देत्यात म्हणतीस ना? मग हितं कशाला पोट भरायचं?” संभाजीनगरला विमानतळावर ती मोठी बॅग पट्ट्यावरून आत निघून गेली, लाडवांसकट. मी हात झटकले आणि म्हटलं, चला, मोकळे झालो!

खिडकीशी आत्या, मध्ये मामा, कडेला मी. विमान वर गेलं. आत्यांनी रोखून धरलेला श्वास सोडला. मला अंधुक वाटलं म्हणून मी वरचा दिवा लावायला बटण दाबलं. टिंग! निळ्या पोशाखातली एक मुलगी लगबगीनं आली. “येस मॅम?” मी शरमून म्हटलं, “सॉरी, दिवा.” तिनं हसून दिवा लावून दिला. थोड्या वेळानं डोळ्यावर उजेड यायला लागला म्हणून मी तो बंद करायला गेले. टिंग! परत तीच मुलगी, परत तेच हसू. फक्त या वेळी थोडं लहान.

“जीवावर बेतलं का गं?” आत्यांनी खिडकीशी बसूनच काळजीनं विचारलं.

तेवढ्यात पुढून खाण्याचा गाडा निघाला. उपम्याचा वास सुटला. मीच मामांना म्हटलं, “घ्या आता इंजेक्शन, आलंच खाणं.” मामांनी इंजेक्शन घेतलं, पुढचं टेबल खाली पाडलं, रुमालानं पुसलं, बाह्या सारख्या केल्या आणि ताठ बसले. मुलगी आली. “सर, ब्रेकफास्ट?”

मामांनी टेबलावर हात आडवा धरला, जिलबीपुढं धरावा तसा. “नो थँक यू!”

मुलगी म्हणाली, “शुअर सर.” मग तिनं आत्यांकडं पाहिलं.

आता नवऱ्यानं नको म्हटलेलं असताना आत्या कशा खाणार? त्यांनी मान हलवली. सासूसासरे उपाशी आणि सून उपमा खातेय, हे नांदूरघाटला कळलं तर? माझ्या तोंडून निघून गेलं, “नो थँक यू.” गाडा पुढं गेला. झालं! पूर्ण विमान खात होतं आणि आमची रांग निर्जळी एकादशी केल्यासारखी बसली होती.

“मामा, अहो नको कावून म्हणलात?” मी कुजबुजले. घाबरले की माझंही सगळं व्याकरण नांदूरघाटला जातं.

“पहिल्या खेपेला कोण हो म्हणतंय? हावरट म्हणतेल लोक. येईल बघ ती परत.”

“नाही येणार!”

“येती गं. चांगल्या घरची दिसती.”

आणि ती आली की! मामांचा चेहरा उजळला. ते टेबलावरचा हात जरा सैल सोडून बसले. मुलीनं त्यांच्यापुढं एक पिशवी धरली. मामांनी आत डोकावून पाहिलं. त्यात लोकांची खाऊन झालेली डबडी होती.

“उष्टं गोळा करतीय,” मामा हळू आवाजात म्हणाले. “एकदा बी घ्या म्हणली न्हाई बघ. एकदा बी!” त्यांना भुकेपेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं.

मग ते गप्प झाले. मला वाटलं, रुसले. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, “अगं, ह्यांना घाम सुटलाय. हात बघ कसा थरथरतोय.”

मी वळून बघितलं. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, बोटं लटलट कापतायत. मी पर्स उपसली. किल्ल्या, रुमाल, खडू, बाम. गोळी नाही, बिस्कीट नाही, गुळाचा खडा नाही. लाडू आमच्या पायाखाली कुठंतरी विमानाच्या पोटात आमच्याबरोबरच दिल्लीला निघालेले! एवढं एकच सांभाळ म्हणून सांगितलं होतं, आणि मी तेवढं एकच सोडून बाकी सगळं सांभाळत बसले होते.

मी बटणाकडं हात नेला, तर मामांनी तो धरला. अंगात जीव नाही, पण ऐट शाबूत.

“नको. आपून नको म्हणलो ना? आता मागून खायचं का? आजवर कुणापुढं हात पसरला न्हाई, आन् हितं आभाळात पसरू?”

“मामा, हात सोडा!”

“लोक बघत्यात.”

“बघू द्या!” मी हात सोडवून बटण दाबलं. दिवा लागला. भक्क उजेड मामांच्या घामेजल्या चेहऱ्यावर, नाटकातल्यासारखा. परत दाबलं. दिवा विझला. मग मात्र माझ्यातली शिक्षिका, सून, सुशिक्षित प्रवासी सगळ्या एकदम पळून गेल्या आणि मी उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत ओरडले,

“ओ बाई! ओ निळ्या बाई! इकडं या वं लवकर! मामांची शुगर उतरली हो!”

मैदानावर शंभर पोरांची रांग लावणारा आवाज आहे माझा. झोपलेली बाळं रडायला लागली. पुढचे एक साहेब कप घेऊन तसेच गोठले. मुलगी धावत आली आणि मी तिचा हात धरून तिला अक्षरशः ओढलं. “शुगर! इंजेक्शन लिया, खाया कुछ नहीं!”

तिनं एक शब्द जास्त विचारला नाही. “एक मिनट,” म्हणाली, पळाली आणि ज्यूसचा ग्लास घेऊन आली. त्यात वर साखरेच्या दोन पुड्याही सोडल्या. ग्लास मामांच्या तोंडाजवळ नेला.

मामांचे डोळे मिटायला लागले होते. पण हात? हात आपोआप आडवा झाला. “नको, नको...”

मी कपाळावर हात मारला. पण ती मुलगी खरंच चांगल्या घरची निघाली. ती तिथंच वाटेत गुडघ्यावर बसली, तिनं मामांचा आडवा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, “नहीं अंकल जी, ये तो पीना पड़ेगा। मैं यहाँ से उठूँगी ही नहीं।”

मामांनी डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. मग घोट घेतला. मग दुसरा. ग्लास संपला.

“और आधा, अंकल जी?”

“न्हाई, बस झालं...”

“मेरे लिए!”

“बरं,” मामा म्हणाले, “तू म्हणतीस तर दे.”

हळूहळू हाताची थरथर थांबली, ओठांना रंग आला, घाम आटला. मुलगी उपम्याच्या तीन थाळ्या घेऊन आली. मामांनी पहिला घास खाल्ला, चावला आणि म्हणाले, “मीठ कमी हाय.” ते ऐकून मला रडू फुटलं. मामा नावं ठेवतायत म्हणजे मामा ठीक आहेत! मी उपम्यावर अश्रू गाळत खात होते आणि आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

“मॅडम,” थाळ्या उचलताना मुलगी मला हळूच म्हणाली, “बटन इसीलिए होता है। पानी चाहिए तो भी दबाइए।”

मी मान डोलावली. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वरच्या बटणाकडं.

दिल्लीला उतरताना ती दारात हात जोडून उभी होती. मामा तिच्यापुढं थांबले. “पोरी, नांदूरघाटला ये जेवायला.” ती हसून “जरूर अंकल जी” म्हणाली. मामांना ते ‘जरूर’ कच्चं वाटलं. “आसं न्हाई, यायलाच पायजे! कधी येतीस सांग.” मागं माणसं खोळंबली, तरी तिच्याकडून तिसऱ्यांदा ‘आऊँगी’ वदवून घेतल्यावरच ते हलले.

बारशाला मनीषाच्या घरी पन्नासेक माणसं होती. मामा पाहुण्यांच्या मधोमध धडधाकट बसले होते, नातू मांडीवर. कुणीतरी विचारलं, पहिल्यांदाच विमानात बसलात, भीती नाही वाटली?

“भीती कावून वाटंल? सूनबाई होती की संगं!” मामा म्हणाले. मी पदर सावरून कौतुक घ्यायला जरा पुढं सरकले. “लई हुशार हाय. विमानात काय काय करायचं न्हाई ते आम्हाला हप्ताभर शिकवलं, आन् येळ आली तवा त्यातलं एक न् एक स्वतः करून माझा जीव वाचवला!”