कुसुमताईंचे बिनमापाचे कौतुक

कुसुमताई शेजूळ यांची आणि माझी ओळख त्यांच्या मुलाच्या शर्यतीमुळे झाली. औरंगपुऱ्यातल्या आमच्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकदालनात कुठे बसावे ते मला कळेना. नवीन माणसाला प्रत्येक खुर्ची कुणाची तरी वाटते. तेवढ्यात शिवणकामाच्या बाईंनी आपल्या शेजारची खुर्ची पायाने सरकवली, वांग्याची भाजी माझ्या डब्याच्या झाकणात घातली आणि नावगाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "काल आमचा संजय शर्यतीत पळाला, बाई. लई पळाला."

"कितवा आला?" मी विचारले. शिक्षकाच्या तोंडी दुसरा प्रश्न येत नाही.

"शेवटचा आला की," त्या आनंदाने म्हणाल्या. "पण शेवटपर्यंत पळाला. दोघं तर मधूनच सुटली."

मला वाटले, बाई चेष्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर तिथे चेष्टेचा मागमूस नव्हता. पुढची अठरा वर्षे मी त्याच खुर्चीवर बसले आणि संजय व अर्चना या त्यांच्या दोन मुलांचे बालपण, तारुण्य, सर्दीपडसे, लग्नकार्य सगळे भाजीपोळीबरोबर ऐकले. माझ्या सख्ख्या भाच्यांना कोणती भाजी आवडत नाही ते मला ठाऊक नाही, पण संजयला दोडका चालत नाही हे मी झोपेतही सांगेन.

ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी "त्यांच्या कार्यावर लिहा" असा संपादकांचा निरोप आला. कार्य आहेच. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुली ताईंच्या हाताखाली शिवण शिकल्या आणि आज त्यावर घर चालवतात. त्यांच्या वर्गातली एकच गोष्ट सांगते. सातवीतल्या एका मुलीने झबल्याला बाही उलटी जोडली. मुली हसल्या, ती रडायला लागली. ताईंनी ते झबले तसेच्या तसे खिडकीच्या गजाला टांगले आणि सगळ्या वर्गाला जवळ बोलावले. "बाही उलटी लागली, ती उसवता येईल. पण टाका बघा गं, कसा एका ओळीत गेलाय. तुमच्यात कुणाला जमतो का असा?" त्या मुलीचे आज स्वतःचे ब्लाऊजचे दुकान आहे आणि या समारंभासाठी ताईंचे ब्लाऊज तिनेच हट्टाने शिवले आहे. बाह्या सुलट आहेत, मी पाहून घेतले.

घरीही त्यांची हीच तऱ्हा. दोन खोल्यांचे घर, ताईंचे यजमान एका कापड दुकानात कामाला, स्वभावाने इतके अबोल की घरातले सगळे बोलणे ताईंच्या वाट्याला आलेले. नळाला पाणी यायच्या दिवशी त्या शाळेत ओल्या पदराने येत. आपल्या शहरात पाण्याचा वार म्हणजे सणवारच, त्या दिवशी बाकीच्या बाया कुरकुरत येतात. ताई मात्र यायच्या आणि सांगायच्या, "आज अर्चनानं एकटीनं पिंप भरलं. मला हात लावू दिला नाय." रमजानमध्ये माझा रोजा असला की त्या माझ्यासमोर डबा उघडत नसत. मी कितीही सांगितले तरी वऱ्हांड्यात जाऊन दोन घास खाऊन यायच्या आणि परत माझ्या शेजारी बसायच्या. डबा बंद, संजय चालू.

अर्चना दहावीला गणितात नापास झाली, तेव्हा मात्र आम्ही सगळे धास्तावलो. आज ताईंशी काय बोलायचे, या विचाराने मी पायऱ्या चढले, तर त्या दारातच पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या. "बाकीच्या विषयांत पास झाली की पोरगी. त्यांचे पेढे नकोत का?" आमच्या संस्कृतच्या बाईंनी पेढा हातात घेतला आणि न राहवून बजावले, "कुसुमताई, मुलांचं इतकं बोलू नये. नजर लागते."

"गुपचूप ठेवलं तर लागते," ताई म्हणाल्या. "ज्याला सगळं गाव रोज बघतंय त्याला काय लागायची?"

आम्ही पडलो गुण देणारी माणसे. पस्तिसाला पास, चौतिसाला नापास, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले. त्यामुळे शिक्षकदालनात ताईंच्या माघारी थोडे हसू व्हायचे, हेही खरे. संजय आयटीआय करून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत लागला, तेव्हा तर ताईंच्या बोलण्यावरून वाटावे की अख्खी वाळूज त्याच्या खांद्यावर उभी आहे. तो पुढे सुपरवायझर झाला. त्याचे कंपनीचे जाकीट त्या धुऊन पुढच्या कठड्यावर वाळत घालायच्या, तेही कंपनीचे नाव रस्त्याकडे करून. भाजीवाला, रिक्षावाला, गॅसवाला, सगळे त्याला "साहेब" म्हणू लागले. संजय लाजायचा, पण त्याला ते आवडतही असावे.

पाचेक वर्षांपूर्वी ती कंपनी बंद पडली.

नोकऱ्या पुष्कळांच्या गेल्या. बाकीची माणसे चार दिवस हळहळली आणि मिळेल त्या कामाला लागली. संजयला ते जमेना. तो घराबाहेर पडेना. कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी कुणीतरी विचारायचे, "काय साहेब, आज सुट्टी?" लग्नाची आमंत्रणे यायची, तेव्हा बायकोला, वर्षाला, एकटीला पाठवायचा. आणि एका सकाळी ताई फोनवर कुणाला तरी "आमच्या संजयला काय, दहा कंपन्या बोलावतील" असे सांगत होत्या, तेव्हा त्याचा तोल गेला.

"आई, बस कर आता! तूच मला गावभर साहेब केलंस. आता मी काय काम करू, सांग? जिथं जाईन तिथं तुझं बोलणं माझ्या आधी जाऊन बसलेलं असतं. माझ्याबद्दल कुणाला एक शब्द बोलायचा नाय. माझी शपथ आहे."

हे मला ताईंनीच नंतर सांगितले. त्या दिवशी त्यांनी काहीच सांगितले नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला, जेवल्या, डबा बंद केला आणि शिवणाच्या खोलीत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. ज्या बडबडीला आम्ही कंटाळलो होतो ती थांबली आणि मधली सुट्टी आम्हाला लांबच लांब वाटू लागली. संस्कृतच्या बाई मुद्दाम विचारायच्या, "काय म्हणतोय संजय?" ताई नुसती मान हलवायच्या. अर्चनाबद्दलही बोलायच्या नाहीत. एकाचे बोलायचे आणि दुसऱ्याचे नाही, हे त्यांना कुठून जमणार?

एकदा शाळा सुटल्यावर शिवणाच्या खोलीत मी त्यांना गाठले. त्या मशीनवर आच्छादन घालत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी त्या सकाळचे सांगितले, मग म्हणाल्या, "नसरीन, माझ्याच तोंडानं घात केला का गं? संस्कृतच्या बाई म्हणायच्या ते खरं होतं का?"

मला रडू आले. मी म्हटले, "ताई, कंपन्या नजर लागून बंद पडत असत्या तर वाळूजमध्ये एक शिल्लक राहिली नसती." त्या थोड्या हसल्या. पण त्यांच्या मनातला काटा निघाला नव्हता, हे मला दिसत होते. पोराची नोकरी गेल्याचे दुःख त्यांनी गिळले असते. आपले कौतुकच पोराला जड झाले, हे त्यांना गिळवत नव्हते.

पुढे काही महिन्यांनी, वाळूजमध्ये काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडून मला कळले की वर्षाने घरी डबे करायला घेतले आहेत. खोल्या करून राहणाऱ्या कामगारांना ते जातात, आणि पोळ्या लाटण्यापासून डबे पोहोचवण्यापर्यंत संजय तिच्या बरोबरीने राबतो. हेल्मेटची काच खाली ओढून जातो म्हणे, कुणी ओळखू नये म्हणून. मी ताईंना विचारले, खरे का? त्यांनी ओठ घट्ट मिटले. डोळे मात्र असे चमकत होते की मला हसू आवरेना. सांगायला इतके होते आणि शपथ आडवी आली होती.

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. मी सरळ संजयकडे गेले. सांगितले, शिक्षकांचे आणि पाहुण्यांचे जेवण तुझ्याकडे. तो दचकला. "नसरीनमॅडम, शाळेत नको. तिथं सगळ्यांना मी पाठ आहे."

"पाठ आहेस म्हणूनच म्हणतेय. अनोळखी माणसाच्या हातचं जेवायला माझी काही हरकत नाही, पण मला तुझ्या घरची वांग्याची भाजी हवी आहे."

बऱ्याच मिनतवारीनंतर तो कबूल झाला, एका अटीवर. तो मागच्या दाराने येईल, जेवण लावेल आणि जाईल. कुणी ओळख करून द्यायची नाही. मी मान्य केले, सगळ्या शिक्षकांना बजावले आणि ताईंनाही. त्या म्हणाल्या, "मी तर शपथेतच आहे."

त्या दुपारी संजय आला. अंगात साधा शर्ट, कमरेला फडके. त्याने टेबलावर पातेली मांडली, पोळ्यांचे डबे उघडले. शिक्षक पानांवर बसले. कुणी त्याच्याकडे डोळे वर करून पाहिले नाही, कबूलच होते तसे. ताई पाणी वाढत होत्या. माय-लेक एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आणि मध्ये शब्द नाही.

घोळ केला तो नव्या मुख्याध्यापकांनी. ते नुकतेच बदलून आलेले, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते आणि त्यांना सांगून ठेवायचे माझ्याही डोक्यात आले नव्हते. भाजीचा पहिला घास घेतला आणि ते मोठ्याने म्हणाले, "वा! अशी भाजी फार दिवसांत खाल्ली नाही. हे कोण आहेत?" संजय मान खाली घालून उभा. मग त्यांनी जवळ उभ्या असलेल्या माणसाला, म्हणजे ताईंनाच, विचारले, "बाई, तुम्ही ओळखता का यांना?"

सगळ्यांचे हात पानावर थांबले. ताई ओतत होत्या तो पेला भरून पाणी टेबलावर सांडले. त्यांनी संजयकडे पाहिले नाही. फडक्याने पाणी पुसत पुसत त्या म्हणाल्या, "नाय जी. मी नाय ओळखत."

ज्या बाईने शेवटच्या आलेल्या मुलाचे कौतुक साऱ्या शाळेला ऐकवले, ती मुलाच्या शब्दाखातर त्याची ओळख नाकारत होती. संजय तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हातातला वाढणीचा चमचा पातेल्यात ठेवला, टेबलाला वळसा घालून आला आणि ताईंच्या शेजारी उभा राहिला.

"सर, मी संजय शेजूळ. ह्या माझ्या आई." आणि मग ताईंकडे वळून हळूच म्हणाला, "बोल आई. शपथ सुटली."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला, काढला. मग जे बोलायला लागल्या ते भात थंड होईपर्यंत. पोळी गोल कशी लाटतो, पहाटे कणीक कशी मळतो, वर्षाला बरे नव्हते तेव्हा एकट्याने सगळे डबे कसे केले, एका कामगाराला ताप आला तर त्याला मऊ खिचडी वेगळी कशी नेऊन दिली. सगळे साठलेले होते. मुख्याध्यापक दोनदा भाजी घेऊन ऐकत होते. संस्कृतच्या बाई रडत रडत कोशिंबीर वाढत होत्या. संजयला लाज वाटत होती, पण तो तिथून हलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने हेल्मेटची काच वर केली, असे आमचा तो विद्यार्थी सांगतो.

ताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीवर आता दुसऱ्या बाई बसतात. चांगल्या आहेत, पण मुलांचे गुण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

जाता जाता घरातली एक गोष्ट सांगते. माझी मुलगी सना गेल्या महिन्यात पुण्याची नोकरी सोडून परत आली. तिथे तिचे मन लागेना, काम जमेना, असे तीच म्हणते. घरी आली ती खोलीत बसली. मामूंकडे जायला तयार नाही, मैत्रिणींचे फोन उचलत नाही. सगळे विचारतील, मी काय सांगू, एवढेच म्हणायची. आम्ही दोघे नवराबायको समजावून थकलो. एका रविवारी तिने आपणहून स्कूटीची किल्ली उचलली. मी जीव मुठीत धरून विचारले, "कुठे निघालीस?"

ती म्हणाली, "कुसुममावशींकडे. त्या नाही विचारणार."

ताई, साठी ही शुभेच्छा द्यायची वेळ असते, पण आज मी मागायलाच उभी आहे. तुमचे गुडघे दुखायचे थांबोत, डोळ्यांना सुईचे नाक दिसत राहो, आवाज असाच खणखणीत राहो. आमच्या सगळ्यांच्या मुलांना पुराल इतके जगा.