सुकेशनीनं दादांची बाजू घेतली

सुकेशनीला निबंध दाखवायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, असं आमच्या वर्गात सगळे म्हणायचे. अतुल म्हणायचा, "त्यापेक्षा सरांना दाखव, सर निदान दया करतात."

तरी मी दाखवला, कारण मला नुसते मार्क नको होते. घरच्या माणसाला एखादी गोष्ट पटवून द्या, असं सरांनी सांगितलं होतं. मी लिहिलं दादांना, म्हणजे माझ्या वडलांना. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की चार-पाच महिने घरदार रानोमाळ. मी आत्याकडं देवगाव रंगारीला राहिले म्हणून शिकले. औंदा दादांनी ठरवलं होतं, धाकट्या अपेक्षाला आठवीतनं काढून सोबत न्यायचं. माझा जीव नुसता जळत होता.

निबंधात मी काय नाय घातलं! दोन सुविचार, एक शेर, ज्ञानाचा दिवा, सगळं. वर्गात वाचला तर टाळ्या पडल्या.

सुकेशनी बजाजनगरची. आई कंपनीत पॅकिंगला, वडील साहेबराव गेटवर वॉचमन. जयंतीला पोरीनं भाषण केलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण भाषण पाठ झालं की ते समोर खुर्ची टाकून उलट्या बाजूनं भांडायला बसायचे. "हे मला पटत नाय. का पटावं, सांग." पोरगी रडकुंडीला यायची म्हणे. तिथनंच तिला ही सवय लागली.

उस्मानपुऱ्यात कॉलेजजवळच्या टपरीवर चहा निवेपर्यंत ती समासात पेन्सिलीनं लिहीत बसली. मग वही माझ्यापुढं सरकवली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'इथं दादा उठून जातील.' शेराजवळ, 'हे कुणासाठी?' आणि शेवटी, 'अपेक्षा शाळेत गेली तर कोकरं कोण सांभाळणार? दादा हेच विचारतील. तू उत्तरच दिलं नाहीस.'

माझं डोकंच फिरलं. "तुला काय कळतं गं मेंढरांतलं? कोकरू कधी हातात तरी धरलंस का?"

"नाय धरलं, म्हणून तर विचारते. दिवसभर कोण बघतं त्यांना?"

"दादा मेंढरांमागं जातात. आई पाण्याला, सरपणाला. मग अपेक्षाच..." माझा आवाज आपोआप खाली आला. मी दादांना अडाणी धरून लिहिलं होतं. लई लाज वाटली, खरं सांगते.

"अपेक्षा कोकरांना पाढे म्हणून दाखवते, हे वाक्य मात्र झकास हाय," ती म्हणाली. "तिथं मला ती दिसली. ते वर घे."

मग दोन दिवस फोनाफोनी केली. कचरूकाकाकडं औंदा कोकरं थोडी. दोन्ही बिऱ्हाडं एका ठिकाणी लावून आमचीही कोकरं बघायला काकू तयार झाली. अपेक्षाला ठेवून घ्यायला आत्या तयार. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः रानात जाणार. हे सगळं लिहिलं आणि शेर काढून टाकला. काढताना जीव तुटला बाई, एवढा भारी होता.

रविवारी घरी गेले. दादांना वाचता येत नाय, म्हणून मीच वाचून दाखवलं. पाढ्यांचं ऐकून ते हसले. कोकरांचं आलं तसं म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. त्यांनी आईकडं बघितलं.

"शाळंचे लोक येत्यात, पोरगी पाठवा म्हनत्यात अन् जात्यात," दादा म्हणाले. "कोकरांचं आजवर कुणी इचारलं नाय. हे तुला सुचलं व्हय?"

हो म्हणावंसं वाटलं, पण जीभ रेटेना. "मला नाय सुचलं. सुकेशनी म्हणून मैत्रीण हाय. ती तुमच्या बाजूनं माझ्याशी भांडली."

दादांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे अपेक्षाला आत्याकडं," ते म्हणाले. "अन् त्या पोरीला घिऊन ये एकदा जेवायला. माझ्या बाजूनं बोलनारं या घरात कुणीच नाय."